मुंबई ते कन्याकुमारी सायकलवर, सोबत लॅपटॉप न्यायचाय : २५ हजारांत हलका कोणता घेऊ?

मुलुंड_ते_कुठेही

मंडळी नमस्कार, डिसेंबरच्या शेवटी मी आणि एक मैत्रीण सायकलने कन्याकुमारीला निघतोय. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, मग मुरूड, आगरदांडा, दिघी, बाणकोटची खाडी, दाभोळ, जयगड अशा सगळ्या जेट्ट्या पार करत मालवण, गोवा, कारवार आणि पुढे केरळ, म्हणजे जमेल तितकं समुद्राच्या कडेकडेने. पूर्ण सुट्टी घेणं मला शक्य नाही कारण मी छोट्या दुकानदारांचे अकाउंट्स बघते, टॅली, एक्सेल आणि जीएसटीचे रिटर्न्स. रिटर्न भरायची जानेवारीची ११ आणि २० तारीख वाटेतच येणार, तिमाहीवाले क्लायंट आहेत त्यांची १३ आणि २२, म्हणजे ते दिवस रोज संध्याकाळी दोन-तीन तास बसावंच लागणार. दोन क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड आहेत त्यांचं डीएससी म्हणजे डिजिटल सही लागते, ते पेनड्राइव्हसारखं टोकन आहे, जुन्या मोठ्या यूएसबी पोर्टचं.

घरी १५.६ इंची लॅपटॉप आहे पण तो चार्जर धरून पावणेतीन किलो, आत फिरणारी हार्ड डिस्क, बॅटरी दीड तासात बसते, त्यामुळे तो नेणार नाही हे पक्कं. बजेट २५ हजार, त्यातच चार्जर वगैरे सगळं बसलं तर उत्तम. गेमिंग नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही, रात्री फोटो कॉपी करणं आणि दुसऱ्या दिवशीचा रूट बघणं एवढंच वरचं काम. सायकल हायब्रिड आहे, मागे कॅरियर आणि त्याच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या म्हणजे पॅनियर, पुढे हँडलबार बॅग. काय घेऊ, आणि सायकलवर ठेवू कुठे? घरचे म्हणतायत सॅकमध्ये पाठीवर घे.

लॅमिंग्टनचा_फिरस्ता

ताई, या बजेटमध्ये नवा घेऊच नका. २५ हजारांच्या खाली नवीन म्हणून जे विकतात त्यात बहुतेक सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबीचं ईएमएमसी म्हणजे एसएसडीपेक्षा हळू स्टोरेज असतं, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली म्हणजे वाढवायची सोय नाही, आणि टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल एकत्र उघडलं की माणूस माउस हलवून वाट बघत बसतो. रात्री आठ वाजता दिवसभर सायकल चालवून आल्यावर असल्या मशीनवर काम करायचं म्हणजे शिक्षा आहे.

तुमच्यासाठी कंपन्यांमधून निघालेले बिझनेस लॅपटॉप. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळे मशीन एकदम बदलतात, ते लॉटमध्ये बाहेर येतात आणि त्यातले बरेच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दिसतात. हे मशीन रोज बॅगेतून नेण्या-आणण्यासाठीच बनवलेले असतात, बिजागऱ्या मजबूत, कीबोर्ड चांगला, उघडायला सोपे. तुम्ही तीन नावं डोक्यात ठेवून जा : थिंकपॅड एक्स २८०, डेल लॅटिट्यूड ७२९० आणि एचपी एलिटबुक ८३० जी५. पहिले दोन १२.५ इंची, साधारण सव्वा किलोच्या आत-बाहेर, एलिटबुक १३.३ इंची आणि थोडा जड. तिन्हींना मोठे यूएसबी पोर्ट आहेत म्हणजे तुमचं डीएससी टोकन थेट लागेल, आणि तिन्ही टाइप-सी वरून चार्ज होतात, ही गोष्ट टूरसाठी वजनाइतकीच महत्त्वाची आहे. चालू अवस्थेत एक्स २८० किंवा ७२९० तुमच्या बजेटमध्ये बसायला हवा, थोडे पैसे उरतील ते चार्जरला ठेवा.

आता नीट वाचा. दुकानदार तुम्हाला एक्स २७० किंवा ७२८० दाखवेल, स्वस्त म्हणून, दिसायला जवळजवळ सारखेच. प्रोसेसर विचारायचा. आय-फाइव्ह च्या पुढचा चार आकडी नंबर ८ ने सुरू झाला पाहिजे, ८२५० किंवा ८३५० असा. ६ किंवा ७ ने सुरू होत असेल तर तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानात जुगाड करून ११ टाकून देतात, चालतंही, पण पुढच्या अपडेटची खात्री नाही आणि तुम्ही दुसऱ्याच्या पैशांचे हिशेब त्यावर ठेवणार आहात. शिवाय सातव्या पिढीपर्यंत या आय-फाइव्हना दोनच कोअर होते, आठव्यापासून चार झाले, तो फरक हाताला जाणवतो.

एक्स २८० ची रॅम सोल्डर केलेली असते, त्यामुळे ८ जीबीवालाच घ्या, ४ वाला कितीही स्वस्त दिला तरी नको. लॅटिट्यूड आणि एलिटबुकमध्ये रॅम बदलता येते. स्क्रीन फुल एचडी आयपीएस आहे का ते बघा, याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चे फिकट पॅनलही येतात, बाजूने बघितलं की रंग उलटे दिसतात, होमस्टेच्या ओसरीवर दिवसा बसलात तर काही वाचता येणार नाही.

क्रोमबुक_फॅन

एवढं कशाला, क्रोमबुक घ्या ना. हलकं, बॅटरी दिवसभर, व्हायरसचं टेन्शन नाही. जीएसटी पोर्टल तर ब्राउझरमध्येच चालतं. मी दोन वर्षं हेच वापरतोय, एकदम मस्त.

लॅमिंग्टनचा_फिरस्ता

@क्रोमबुक_फॅन, लिहिणं आणि फोटो एवढंच असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण टॅली विंडोजवर चालतं, जीएसटीचं ऑफलाइन टूल विंडोजच्या एक्सेलवर आधारलेलं आहे, आणि डीएससीसाठी टोकनचा ड्रायव्हर आणि एमसाइनर हे सही करायचं सॉफ्टवेअर दोन्ही इन्स्टॉल करावे लागतात. यातलं काहीच क्रोमबुकवर सरळ होत नाही. याच कारणाने मी सेकंडहँड एम१ मॅकबुक एअरचं नाव घेतलं नाही, नाहीतर १.२९ किलो, आत पंखा नाही आणि बॅटरी जबरदस्त, टूरसाठी फार चांगलं मशीन आहे. आधी काम काय ते बघायचं, मग वजन.

पॅनियर_काका

मुली, लॅपटॉप पाठीवर घेऊ नकोस. मुंबईत थंडी म्हणतात ती पहाटेपुरती, मुरूडच्या पुढे अकरा वाजता पाठ ओलीचिंब झालेली असते आणि तो घाम सॅकमधून आत झिरपतो, खारट पाणीच ते. शिवाय केळशी, आंजर्ले, दाभोळ या पट्ट्यातले चढ छोटे पण उभे आहेत, तिथे पाठीवर दोन किलो घेऊन तू सीटवरून उठून पॅडल मारशील तर खांदे आणि कंबर दोन्ही बोलतील.

हँडलबार बॅगेतही नको. खड्ड्याचा सगळ्यात जास्त मार पुढच्या चाकाला आणि हँडलला बसतो, आणि वजन वर गेलं की वळताना सायकल डुलते.

जागा म्हणजे मागचा पॅनियर, रहदारीच्या बाजूचा नव्हे तर रस्त्याच्या कडेचा, म्हणजे आपल्याकडे डावा. सायकल भिंतीला किंवा झाडाला टेकवायची झाली तर उजव्या अंगाने टेकव. पॅनियरच्या आत चाकाकडच्या बाजूला कडक प्लॅस्टिकची पाठ असते, तिला चिकटून लॅपटॉप उभा ठेवायचा, बिजागरीची कड खाली. पण थेट तळाला टेकवू नकोस. तळाशी टॉवेल किंवा गुंडाळलेलं जॅकेट घाल, चार बोटं उंच होईल एवढं, कारण सायकल कॅरियरसकट आडवी झाली किंवा कोणी पॅनियर काढून जमिनीवर धपकन ठेवला तर पहिला मार तळाला बसतो. बाहेरच्या बाजूने कपडे. चार्जर, कुलूप, पंक्चरचं सामान, स्टोव्ह असलं काहीही टणक त्या पॅनियरमध्ये लॅपटॉपच्या झाकणासमोर येता कामा नये. स्क्रीन आपटून फुटते त्यापेक्षा जास्त वेळा दाबाने फुटते, चार्जरचा एक कोपरा दिवसभर झाकणावर टोचत राहिला की संध्याकाळी उघडल्यावर काळा डाग आणि त्यातून फुटलेल्या रेषा. माझ्याबरोबरच्या एका मुलाचं असंच झालं, लॅपटॉप पडला नव्हता, आपटला नव्हता, फक्त शेजारी स्पॅनरचा सेट होता.

स्लीव्ह जाड फोमची घे, ती ड्राय बॅगेत घाल, तोंड तीन वेळा गुंडाळून बकल लाव, मग पॅनियरमध्ये. पाऊस डिसेंबर-जानेवारीत नसेल, पण जेट्टीवर भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या रॅम्पवरून सायकल चढवताना पाणी उडतं आणि ते खारं असतं. सिलिका जेलच्या पुड्या दोन-चार टाकून ठेव. आणखी एक, एसीच्या खोलीत रात्रभर राहिलेला लॅपटॉप सकाळी दमट हवेत आणून लगेच उघडू नकोस, गार वस्तूवर बाहेरची वाफ जमते, चष्म्यावर जमते ना तशीच. बंद बॅगेतच अर्धा तास राहू दे, मग उघड.

कॅरियरचे बोल्ट रोज संध्याकाळी हाताने हलवून बघ. एम५ चे असतात, त्याचे दोन जास्तीचे जवळ ठेव. कॅरियर निसटलं तर लॅपटॉप कुठला घेतला याला काही अर्थ राहत नाही.

शटडाउनच_करा

काकांनी सांगितलं त्यात भर घालतो. पॅनियरमध्ये ठेवताना लॅपटॉप स्लीपवर ठेवू नका, पूर्ण शटडाउन करा. झाकण बंद करून टाकला की बरेच लॅपटॉप अपडेटसाठी आपोआप जागे होतात, फोमच्या स्लीव्हमध्ये हवा जायला जागा नाही, संध्याकाळी काढता तेव्हा मशीन तापलेलं आणि बॅटरी संपलेली. या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते, त्यामुळे हादऱ्यांची काळजी नाही, तिच्यात फिरणारं काही नसतं, पण फोटोंसाठी जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क न्यायचा विचार असेल तर सोडा, छोटी एसएसडी किंवा दोन पेनड्राइव्ह घ्या.

मुलुंड_ते_कुठेही

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं तर प्रिंट काढून ठेवतेय. आता चार्जिंगचं सांगा. आम्ही जमेल तिथे होमस्टे, पण काही रात्री देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात तंबू टाकायचा बेत आहे. मैत्रिणीच्या सायकलला डायनॅमो हब आहे, म्हणजे चाकाच्या मध्यातच वीज तयार होते, ती म्हणते दिवसभर पॅडल मारतोच आहोत तर त्यावरच चार्ज करू. सोलर पॅनलही मिळतात असं ऐकलंय. यातलं काय चालेल?

वॉटचा_हिशेब

हिशेब करू. एक्स २८० ची बॅटरी ४८ वॉट-अवरची. हब डायनॅमो साधारण ताशी १५ किलोमीटरच्या स्पीडला ६ व्होल्ट, ३ वॉट देतो. म्हणजे काहीही वाया न जाता ४८ भागिले ३, सोळा तास सायकल चालवल्यावर लॅपटॉप एकदा भरणार, आणि प्रत्यक्षात वाया जातंच, शिवाय चढावर तुमचा स्पीड १५ राहत नाही. डायनॅमो दिव्याला आणि फोनला ठेवा, त्यासाठी तो उत्तम आहे. घडीचं सोलर पॅनल कॅरियरवर बांधून चालताना कोन कधीच नीट मिळत नाही, माडाची सावली आली की करंट पडतो, आणि जे पॅनल लॅपटॉपला पुरेल ते मोठं आणि जड असतं. दोन्ही सोडून द्या.

पॉवर बँक घ्या. २०,००० एमएएचची म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-अवर. रूपांतरात थोडं जातं, तरी लॅपटॉप एकदा पूर्ण भरून फोनला उरतं. पण कुठलीही पॉवर बँक चालणार नाही, हे दुकानात स्पष्ट विचारा : टाइप-सी आउटपुट पीडी (पॉवर डिलिव्हरी) ४५ वॉट किंवा ६५ वॉट आहे का. १८ किंवा २२.५ वॉटवाल्या फोनच्या असतात, त्या लॅपटॉपला लावल्या तर एकतर चार्जिंगचं चिन्हच येत नाही नाहीतर काम करताना टक्के खालीच जात राहतात. लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात, पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात ५ व्होल्ट, ९ व्होल्ट अशी यादी असते त्यात २० व्होल्ट ३.२५ अँपिअर दिसलं की ती ६५ वॉटची. येताना त्रिवेंद्रमहून विमानाने येणार असाल तरी अडचण नाही, १०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये नेता येते, फक्त चेक-इन बॅगेत टाकायची नाही.

चार्जर एकच न्या. ६५ वॉटचा गॅन चार्जर (छोटा आणि हलका प्रकार), दोन टाइप-सी पोर्टवाला, त्यावर लॅपटॉप, पॉवर बँक, दोघींचे फोन सगळं भागतं. लॅपटॉपसोबत येणारा मूळ चार्जर आणि त्याची ती जाड थ्री-पिन वायर घरी ठेवा, लोक लॅपटॉप शंभर ग्रॅमने हलका शोधतात आणि चार्जरचं वजन करतच नाहीत. केबल मात्र पीडी ६०-१०० वॉटची जाड घ्या, फोनची पातळ नको, आणि दोन घ्या कारण हरवते ती केबलच. आणि एक छोटं एक्सटेन्शन. गावात खोलीतलं सॉकेट कपाटामागे किंवा छताजवळ असतं, कधी ढिलं झालेलं, जड चार्जर त्यातून निसटून पडतो आणि सकाळी कळतं रात्रभर काहीच झालं नाही.

कोकणात संध्याकाळी लाइट जाणं नवीन नाही, म्हणून १० आणि १९ तारखेला रात्री सगळं फुल असलं पाहिजे असा नियमच करा. खरं तर रिटर्न शेवटच्या दिवसावर ठेवूच नका, त्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते आणि तुम्ही कदाचित रेंज नसलेल्या खाडीच्या काठी असाल.

अकाउंटंट_बोरिवली

मीही याच धंद्यातली, म्हणून कामाच्या बाजूचं सांगते. टॅलीचं सिंगल यूजर लायसन्स एकाच मशीनवर चालतं. घरच्यावरून सरेंडर करून नव्यावर अॅक्टिव्हेट करावं लागेल, ते निघायच्या आदल्या रात्री करू नका, आठवडाभर आधी करा आणि त्या आठवड्यात सगळं काम नव्या मशीनवरच करून बघा. १२.५ इंचाच्या स्क्रीनवर एक्सेलच्या रांगा बारीक दिसतात, डोळ्यांना सवय लागायला वेळ जातो.

प्रोप्रायटर क्लायंटचं फाइलिंग ओटीपीने होतं आणि तो ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो, त्यामुळे कोणाला किती वाजता फोन करणार ते आधीच ठरवून घ्या. तुम्ही दिवसा सायकलवर, ते संध्याकाळी दुकानात गिऱ्हाइकांत, यातच दोन दिवस निघून जातात.

आणि डेटा. तुमच्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं आहे, आणि ते कॅरियरवरच्या पिशवीत हायवेच्या टपरीबाहेर उभं राहणार. कंपन्यांमधून आलेल्या या लॅपटॉपवर बहुतेक विंडोज प्रोचं लायसन्स असतं, त्यात डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर मिळतो, तो चालू करा आणि त्याची रिकव्हरी की घरी कागदावर लिहून ठेवा. बॅकअप रोज पेनड्राइव्हवर, तोही बिटलॉकर लावूनच, आणि तो लॅपटॉपच्या पॅनियरमध्ये नाही, मैत्रिणीच्या सामानात. डीएससी टोकन कमरेच्या पाउचमध्ये, स्वतःजवळ.

हॉटस्पॉटवर काम करणार ना, तर विंडोजमध्ये त्या कनेक्शनला मीटर्ड म्हणजे मोजक्या डेटाचं करून ठेवा, नाहीतर अपडेट सगळा डेटा खाऊन टाकतो. दोघींची सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा.

मुलुंड_ते_कुठेही

टॅलीचं सरेंडर माझ्या डोक्यातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातेय, दादरला बदलून ग्रँट रोड. एक्स २८० आठ जीबी फुल एचडी पहिला, नाही मिळाला तर ७२९०. दुकानात उभ्या उभ्या काय काय तपासू? बॅटरी जुनी असणार ही एकच भीती आहे.

लॅमिंग्टनचा_फिरस्ता

शनिवार बरोबर आहे, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. सकाळी जा म्हणजे दुकानदाराला वेळ असतो.

बॅटरीचं असं. लॅपटॉप चालू करून कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्यात पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश लावून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करून एंटर. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते खाली लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. वरच दोन आकडे दिसतील, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. एक्स २८० ला पहिला आकडा ४८,००० च्या आसपास असतो. दुसरा ३६,००० च्या वर असेल तर चांगलं, पाऊणच्या वर जीव शिल्लक आहे, तुमचं संध्याकाळचं काम होईल. ३०,००० च्या खाली असेल तर दुसरं मशीन दाखवा म्हणा, एका लॉटमध्ये दहा-वीस तरी असतात आणि प्रत्येकाची बॅटरी वेगळी निघते, तीन-चार मशीनवर हेच करून सगळ्यात चांगलं उचला. बॅटरी हेल्थ शंभर टक्के असं तोंडी सांगणाऱ्यावर जाऊ नका, रिपोर्ट बघा. पालथा करून खालचं झाकण कुठे फुगलंय का तेही बघा, टेबलावर ठेवून कोपरे दाबा, डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, तो अजिबात नको.

मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जा. पासवर्ड मागितला तर तिथेच परत द्या, कंपनीचं लॉक राहिलेलं असतं आणि नंतर कोणी सोडवून देत नाही. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबून बघा. स्क्रीन पांढरी करून कोपरे बघा, मग झाकण हळूहळू मागेपुढे करा, चित्र लुकलुकलं तर स्क्रीनची केबल गेली, सायकलवर ती आणखी जाणार.

आणि स्वतःचं डीएससी टोकन, ६५ वॉटचा चार्जर आणि टाइप-सी केबल घेऊन जा. चार्जर टाइप-सी पोर्टला, एक्स २८० असेल तर दोन्ही पोर्टना आळीपाळीने, लावून बघा आणि प्लग हलवून बघा, रोज ओढून ओढून हे पोर्ट ढिले झालेले असतात आणि तुमचं सगळं चार्जिंग त्यावरच आहे. टोकन लावून लाइट लागतो का बघा. बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावरच लिहायला सांगा.

पॅनियर_काका

घेतल्यावर लगेच पॅनियरमध्ये घालून मुलुंड ते घोडबंदर एक फेरी मार, स्लीव्ह, ड्राय बॅग, खालचा टॉवेल सगळं लावून, निघायच्या दिवशी बांधशील अगदी तसं. घरी येऊन उघड आणि टॉवेल किती सरकलाय ते बघ. सरकला असेल तर लॅपटॉपला आतून एक पट्टा लागेल, तो शिवून घ्यायला वेळ हवा म्हणून आत्ताच सांगतोय.

मुलुंड_ते_कुठेही

करते काका. शनिवारी काय मिळालं ते बॅटरीच्या आकड्यांसकट इथे टाकते.